आवाज स्वस्त करणारा संशोधक

२०२० च्या टाळेबंदीत गायक-वादक आपापल्या घरी अडकले आणि इंटरनेटवरून एकत्र गाण्या-वाजविण्याचे प्रयोग जगभर सुरू झाले. या वाटेला लागणाऱ्या हौशी कलावंतापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो खर्चाचा. मायक्रोफोन किती महागाचा घ्यावा? उत्तर शोधताना एमिल बर्लिनर यांचे चरित्र आठवणे उपयुक्त ठरते. मायक्रोफोनच्या जन्मात त्यांचा मोठा वाटा होता आणि संगीताची तबकडी घरोघरी पोहोचली ती त्यांच्यामुळे. उंची उपकरणांची रास न लावता साखळीतील सर्वांत कमकुवत कडी हेरायची आणि तेवढीच दुरुस्त करायची, हे त्यांच्या आयुष्याचे सूत्र होते.

बर्लिनर यांचा जन्म २० मे १८५१ रोजी जर्मनीतील हॅनोव्हर येथे झाला. घरात तेरा भावंडे. साहजिकच चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि छापखान्यात व कापडाच्या दुकानात उमेदवारी सुरू झाली. १८७० मध्ये ते अमेरिकेत आले. वॉशिंग्टनमधील कापड दुकानात कारकुनी, न्यूयॉर्कमधील प्रयोगशाळेत बाटल्या धुणे अशी मिळतील ती कामे त्यांनी केली. दिवसभर राबून संध्याकाळी ते कूपर इन्स्टिट्यूटमध्ये विज्ञानाचे पाठ घेत. पियानो आणि व्हायोलिनचाही त्यांना नाद होता.

१८७६ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचा टेलिफोन जगापुढे आला. त्याचा ऐकण्याचा भाग ठीक होता, पण बोलण्याचा भाग दुबळा होता. बोलणाऱ्याच्या आवाजातील तोकड्या शक्तीनेच वीज निर्माण व्हायची, त्यामुळे आवाज दूरवर पोहोचत नसे. तारयंत्राची कळ जोराने दाबली तर प्रवाह वाढतो, ही गोष्ट बर्लिनर यांना एका तारमास्तराकडून कळली होती. त्यावरून त्यांनी ओळखले, की आवाजाने वीज निर्माण करण्याची गरजच नाही. बॅटरीच्या वाहत्या प्रवाहावर त्याने केवळ कमी-अधिक दाब दिला तरी पुरे. भाड्याच्या खोलीत साबणाचे लाकडी खोके, धातूचा पातळ पडदा आणि त्याला हलकेच टेकणारे पोलादी बटण एवढ्या सामग्रीवर त्यांनी आपला मायक्रोफोन उभा केला. एप्रिल १८७७ मध्ये त्यांनी पेटंट कार्यालयात प्राथमिक नोंद केली आणि पुढच्याच वर्षी बेल कंपनीने या कारकुनाला आपल्या सेवेत घेतले.

हे श्रेय त्यांना निर्वेधपणे लाभले नाही. पेटंट हाती पडायला १८९१ साल उजाडले. ते रद्द करण्यासाठी सरकारने दावा लावला. १८९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बर्लिनर यांच्या बाजूने कौल दिला. पुढील खटल्यांत मात्र न्यायालयांनी कार्बन मायक्रोफोनचा मान थॉमस एडिसन यांच्याकडे दिला.

तोवर त्यांनी दुसरी कमकुवत कडी हेरली होती. एडिसन यांचा फोनोग्राफ नळकांड्यावर आवाज कोरत असे. त्याच्या प्रती काढणे एवढे अवघड होते, की गायकाला तेच गाणे पुन्हा पुन्हा गावे लागे. बर्लिनर यांनी नळकांडे सोडून सपाट तबकडी घेतली. मेणाचा लेप दिलेल्या जस्तावर रेघ ओढून ती आम्लाने कोरायची, त्यावरून धातूचा ठसा घडवायचा आणि त्या ठशाने शेकडो प्रती छापायच्या. छापखान्यातील उमेदवारीशी नाते सांगणाऱ्या या यंत्राला त्यांनी ग्रामोफोन हे नाव दिले. १८८७ मध्ये त्याचे पेटंट मिळाले आणि मे १८८८ मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये प्रात्यक्षिक झाले.

हाताने फिरविल्यामुळे सूर डळमळत. ती उणीव कारागीर एल्ड्रिज जॉन्सन यांनी स्प्रिंगवर चालणारी मोटर बनवून दूर केली. रबराच्या तबकड्या नीट टिकत नव्हत्या, म्हणून लाखेपासून बनणारे शेलॅक वापरात आले. ही लाख प्रामुख्याने भारतातून जात असे. नोव्हेंबर १९०२ मध्ये बर्लिनर यांचे सहकारी फ्रेड गायसबर्ग यांनी कोलकात्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले आणि त्या तबकड्या छापल्या गेल्या त्या बर्लिनर यांच्या जन्मगावी, हॅनोव्हर येथे.

दैवदुर्विलास असा, की १९०० मध्ये विक्री प्रतिनिधीशी झालेल्या न्यायालयीन वादामुळे खुद्द बर्लिनर यांनाच अमेरिकेत ग्रामोफोन विकण्याची मनाई झाली. त्यांनी आपला व्यवसाय कॅनडातील माँट्रिअलला हलविला. अमेरिकेची बाजारपेठ जॉन्सन यांच्या व्हिक्टर कंपनीकडे गेली. तबकडी मात्र टिकली. नळकांडी इतिहासजमा झाली.

उत्तरायुष्यात बर्लिनर यांनी लहान मुलांसाठी निर्जंतुक दुधाचा प्रचार हाती घेतला, पुत्र हेन्रीसह हेलिकॉप्टरचे प्रयोग केले आणि सभागृहातील घुमणारा आवाज शोषून घेणाऱ्या फरशा बनविल्या. आवाज बिघडतो तो अनेकदा यंत्रात नव्हे तर खोलीत, हे त्यांनी जाणले होते.

घरबसल्या साथसंगत करू पाहणाऱ्यांना नेमका हाच धडा मोलाचा आहे. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे १० मिलिसेकंदांचा विलंब हा साडेतीन मीटरवर बसलेल्या साथीदाराइतकाच. विलंब २५-३० मिलिसेकंदांपलीकडे गेला, की लय मागे ओढली जाऊ लागते. पुणे-मुंबई अंतरावर एकत्र वाजविणे शक्य आहे. मुंबई-लंडन हे सात हजारांहून अधिक किलोमीटरचे अंतर कापायला काचतंतूतील प्रकाशालाच ३५ मिलिसेकंद लागतात आणि तेथे कोणतेही महागडे उपकरण कामी येत नाही. जॅमुलस, जॅकट्रिप यांसारख्या मोफत प्रणाली विलंब कमी ठेवतात. बिनतारी ब्लूटूथ हेडफोन मात्र त्यात १०० मिलिसेकंदांचीही भर घालू शकतो. म्हणून आधी तारेचा हेडफोन, मग वाय-फायऐवजी इंटरनेटची केबल, त्यानंतर साधा ऑडिओ इंटरफेस आणि सर्वांत शेवटी मायक्रोफोन, हा क्रम शहाणपणाचा. खोली घुमत असेल तर जाड पडदे आणि गोधड्या पुष्कळ काम करतात. एवढे साधल्यावर स्वस्त मायक्रोफोनही तोंडाजवळ धरला तर गाणे स्वच्छ पोहोचवितो.

३ ऑगस्ट १९२९ रोजी वॉशिंग्टन येथे बर्लिनर यांचे निधन झाले. आपल्या अंत्यविधीवर खर्च करू नये, ते पैसे तान्ही मुले असलेल्या गरीब मातांना द्यावेत, असे त्यांनी आधीच लिहून ठेवले होते.