शाळापुस्तकांचे बाळशास्त्री

फेब्रुवारी उजाडला की आपल्या महाविद्यालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभे राहायला जागा मिळत नाही. कोणी अर्थशास्त्राच्या नोट्स मागतो, कोणी मानसशास्त्राच्या, कोणी गेल्या वर्षीच्या एखाद्या मुलीची सुवाच्य अक्षरातली वही. मीही त्या गर्दीतलाच एक. मागील वर्षी दोन निरनिराळ्या ठिकाणांहून मिळवलेल्या टिपणांवर मी अर्थशास्त्राचा अभ्यास उरकला. एकात ‘सीमांत उपयोगिता’ होती, दुसऱ्यात ‘सीमांत तुष्टिगुण’. या दोन वेगळ्या कल्पना आहेत अशा भक्तिभावाने मी उत्तरपत्रिकेत दोहोंवर स्वतंत्र परिच्छेद लिहिले! एकाच इंग्रजी संज्ञेची ती दोन मराठी नावे आहेत हे परीक्षेनंतर आमच्या सरांनी हसत हसत सांगितले तेव्हा कळले.

त्या फजितीमुळे मनात एक प्रश्न आला. हे शब्द प्रथम कोणी घडवले असतील? व्याकरण, भूगोल, इतिहास, गणित असे वेगवेगळे विषय मराठी मुलाला मराठीतून शिकता यावेत म्हणून पहिल्यांदा लेखणी घेऊन कोण बसले असेल? शोध घेता घेता जे नाव पुन्हापुन्हा समोर आले ते आपल्या सर्वांच्या ओळखीचे निघाले; फक्त ओळख वेगळ्याच कारणाची होती. ते नाव म्हणजे बाळ गंगाधरशास्त्री जांभेकर. ‘दर्पण’ या पहिल्या मराठी वृत्तपत्राचे संपादक म्हणून दरवर्षी ६ जानेवारीला आपण त्यांचे स्मरण करतो. परंतु त्यांच्या ग्रंथांची यादी पाहिली तर असे वाटते की वृत्तपत्र हा त्यांच्या उद्योगाचा एक भाग होता, आणि शाळकरी मुलांसाठी पुस्तके लिहिणे हा दुसरा, तितकाच मोठा भाग.

बाळशास्त्र्यांचा जन्म १८१२ सालचा, कोकणातल्या पोंभुर्ले गावचा. हे गाव आता सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यात येते. वडील गंगाधरशास्त्री हे विद्वान पुराणिक. मराठी आणि संस्कृत यांचा पाया घरीच, वडिलांच्या हाताखाली घातला गेला. कोकणातल्या शेकडो हुशार मुलांप्रमाणे हा मुलगाही भिक्षुकी करून किंवा पुराण सांगून सुखाने राहिला असता. पण १८२५ च्या सुमारास तो मुंबईस आला. वय अवघे तेरा-चौदा.

त्या वेळच्या मुंबईत एक नवी गोष्ट चालू झाली होती. गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत, १८२२ साली, शाळा काढणे आणि शाळांसाठी पुस्तके तयार करणे या हेतूने एक मंडळी स्थापन झाली होती. पुढे १८२७ साली तिचे नाव बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी असे झाले. पेशवाई बुडून जेमतेम दहा वर्षे झाली होती. गावोगावच्या पंतोजींच्या शाळांत धूळपाटीवर अक्षरे, तोंडी पाढे आणि मोडी वाचन एवढाच अभ्यास असे. मुलाच्या हातात द्यावे असे छापील पुस्तक नव्हते. सोसायटीचे एतद्देशीय चिटणीस सदाशिव काशीनाथ छत्रे ऊर्फ बापू छत्रे यांनी ‘बाळमित्र’ आणि इसापच्या नीतिकथा मराठीत आणून ही उणीव भरून काढण्यास आरंभ केला होता. पोंभुर्ल्याचा हा मुलगा याच बापूंच्या आश्रयाने इंग्रजी शिकला. गुरूकडून इंग्रजी तर त्याने घेतलेच, पण शाळापुस्तकांचे वेडही घेतले असले पाहिजे, कारण बापू छत्रे १८३० साली वारल्यावर हे काम पुढे नेणारा माणूस म्हणून याच विद्यार्थ्याचे नाव पुढे आले. १८३२ साली बाळशास्त्री सोसायटीचे नेटिव्ह सेक्रेटरी झाले. तेव्हा त्यांनी विशी नुकतीच गाठली होती. आपल्यापैकी बहुतेकजण या वयात दुसऱ्या वर्षाचे फॉर्म भरत असतात.

त्याच वर्षीच्या ६ जानेवारीस ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला होता. एका स्तंभात मराठी, शेजारच्या स्तंभात इंग्रजी. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे विस्तार करीत नाही. काही काळ अक्कलकोटच्या अल्पवयीन राजपुत्राला शिकवण्याचे कामही त्यांनी केले. १८३४ साली एल्फिन्स्टन संस्थेत साहाय्यक प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. या पदावर बसलेले ते पहिलेच भारतीय.

आता त्यांच्या पुस्तकांकडे वळू. ‘नीतिकथा’, ‘इंग्लंड देशाची बखर’, ‘बालव्याकरण’, ‘भूगोलविद्या’, ‘सारसंग्रह’, हिंदुस्थानचा इतिहास, ज्योतिषशास्त्र, मानसशास्त्रावरचे लेखन, आणि ‘शून्यलब्धिगणित’. ही यादी एखाद्या पाठ्यपुस्तक मंडळाची वाटावी, पण ती एका माणसाची आहे, आणि तीही दिवसा वर्गात शिकवून, सोसायटीचा पत्रव्यवहार सांभाळून आणि वृत्तपत्र चालवून उरलेल्या वेळातली.

या यादीतल्या दोन नावांपाशी मी बराच वेळ थांबलो. पहिले ‘इंग्लंड देशाची बखर’. इतिहास हा शब्द मराठीला परका नव्हता; तरीही बाळशास्त्र्यांनी बखर हा शब्द निवडला. सभासदाची बखर, भाऊसाहेबांची बखर ज्यांच्या कानावरून गेली आहे अशा घरातल्या मुलाला सातासमुद्रांपलीकडच्या राजांची हकीकत सांगायची, तर ती ओळखीच्या दारातून आत आणावी असा विचार त्यामागे असावा असे मला वाटते. आज आपल्या हाती येणाऱ्या टिपणांत इतका विचार क्वचितच दिसतो.

दुसरे नाव ‘शून्यलब्धिगणित’. विज्ञान शाखेतल्या मित्राला हा शब्द विचारला, त्याला कळला नाही. ज्याला आज पाठ्यपुस्तकांत ‘कलन’ आणि ‘विकलन’ म्हणतात त्या गणिताला बाळशास्त्र्यांनी दिलेले हे नाव. लब्धि म्हणजे भागाकाराचे फळ; हा शब्द आपल्या जुन्या ज्योतिषगणितात होताच. दोन राशींमधले अंतर कमी कमी करीत शून्याच्या जवळ न्यायचे आणि मग भागाकार काय येतो ते पाहायचे, ही त्या गणिताच्या मुळाशी असलेली कल्पना. हे समजावल्यावर मित्र म्हणाला की हा शब्द आज शिकवला असता तर पहिला धडा निम्मा सोपा गेला असता. तो शब्द पुढे टिकला नाही. का टिकला नाही याकडे शेवटी येतो.

शब्दांची ही अडचण केवढी होती याची कल्पना आज करणे कठीण. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, म्हणजे बाळशास्त्री कामाला लागले तेव्हा त्याची शाईही वाळली नव्हती. दादोबा पांडुरंगांचे प्रसिद्ध मराठी व्याकरण १८३६ चे, आणि बाळशास्त्र्यांचे ‘बालव्याकरण’ही त्याच वर्षीचे. ज्या भाषेत धडे लिहायचे त्या भाषेचे नियमच अजून कागदावर उतरत होते. नांगर घडवायचा, त्याच नांगराने जमीन नांगरायची आणि त्याच हंगामात पीकही काढायचे, असा हा प्रकार होता.

‘दर्पण’ १८४० च्या मध्यास बंद झाला. त्याआधीच, त्याच वर्षीच्या मे महिन्यात, त्यांनी ‘दिग्दर्शन’ नावाचे मासिक सुरू केले होते. मराठीतले हे पहिले मासिक. यात बातम्या नव्हत्या. पदार्थविज्ञान, रसायन, भूगोल, इतिहास, गणित, व्याकरण अशा विषयांवरचे लेख, सोबत नकाशे आणि आकृत्या. थोडक्यात म्हणजे महिन्याच्या महिन्याला घरपोच येणारी सर्व विषयांची टिपणे! या कामात भाऊ महाजन यांच्यासारख्या शिष्यांचा हात होता. याच भाऊ महाजनांनी १८४१ साली ‘प्रभाकर’ काढला आणि पुढे त्यातच लोकहितवादींची शतपत्रे छापली गेली. ‘दिग्दर्शन’ सुमारे पाच वर्षे चालले.

विद्वत्तेत ते कोठे कमी होते म्हणून मुलांची पुस्तके लिहीत बसले, असे कोणी समजू नये. संस्कृत, फारसी, बंगाली, गुजराती, लॅटिन, ग्रीक, फ्रेंच अशा अनेक भाषा त्यांना अवगत होत्या. जुने शिलालेख आणि ताम्रपट वाचून त्यांवर त्यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात निबंध लिहिले. कुलाब्याच्या वेधशाळेचे काम काही काळ त्यांच्याकडे होते. ज्ञानेश्वरी प्रथम छापली गेली ती १८४५ साली, शिळाछापावर, त्यांच्याच देखरेखीखाली. असा माणूस आठ वर्षांच्या मुलाला नाम आणि क्रियापद यांतला फरक कसा सांगावा याचा विचार करीत बसे. आपल्याकडे विद्वानाने मुलांसाठी लिहिले की त्याची किंमत एक पायरी खाली येते. बाळशास्त्र्यांना ती भीती शिवली नाही.

मनाने ते एकटे नव्हते, पण समाजात त्यांना एकटे पाडण्याचे प्रयत्न झाले. १८४३ साली श्रीपाद शेषाद्री या मुलाचे प्रकरण गाजले. त्याचा थोरला भाऊ नारायण याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता आणि हा लहान मुलगाही मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता. तो वडिलांकडे परत आल्यावर त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही यावर वाद पेटला. बाळशास्त्री मुलाच्या बाजूने उभे राहिले. सनातनी मंडळींनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. एरवी हातात पुस्तक घेऊन बसणारा हा माणूस तेव्हा मागे हटला नाही.

१८४५ साली शिक्षक तयार करण्यासाठी नॉर्मल क्लास निघाला, तोही त्यांच्याकडेच सोपवला गेला. पुस्तके झाली होती, आता ती शिकवणारी माणसे घडवायची होती. शाळातपासणीच्या निमित्ताने हिंडणे चालूच होते. पण मे १८४६ मध्ये, शिलालेखांच्या शोधात बाहेरगावी गेले असता ताप भरला. त्या तापातून ते उठले नाहीत. १७ मे रोजी मुंबईत त्यांचा अंत झाला. वय चौतीस.

त्यांच्यामागे दोनच वर्षांनी, १८४८ साली, बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये शिक्षणाच्या माध्यमाचा वाद रंगला. कर्नल जर्विस देशी भाषांच्या बाजूचे, तर अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीच्या. वरच्या शिक्षणात पुढे इंग्रजीच चालली. १८५७ साली मुंबई विद्यापीठ झाले, आणि काही वर्षांत वरच्या परीक्षांतून मराठी बाहेर पडली. तिला पुन्हा जागा मिळावी म्हणून न्यायमूर्ती रानडे यांना आयुष्याच्या अखेरपर्यंत खटपट करावी लागली. उच्च गणित मराठीतून शिकणारा विद्यार्थीच उरला नाही, तेव्हा ‘शून्यलब्धि’ हा शब्द कोणाच्या तोंडी राहणार? शब्द वापराने जगतात. तो शब्द चुकीचा होता म्हणून गेला नाही. त्याचा वर्गच बंद झाला.

त्यांच्या विद्यार्थ्यांत दादाभाई नौरोजी होते, तसेच केरो लक्ष्मण छत्रेही होते. हे केरूनाना म्हणजे बापू छत्र्यांच्याच घराण्यातले. ज्या घराने बाळशास्त्र्यांना आधार दिला त्याच घरातला मुलगा पुढे त्यांचा शिष्य झाला. केरूनानांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. पुढे ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. तेथे त्यांच्यासमोर बसलेल्या विद्यार्थ्यांत बाळ गंगाधर टिळक नावाचा एक तरुण होता. बाळशास्त्र्यांच्या या शिष्याने त्याला गणित शिकवले, अर्थात इंग्रजीतून.