भरल्या घरातली साधना
(कै. रमाबाई रानडे यांचे चरित्र)

आषाढीच्या वारीत ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात. भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात माउली आणि नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात तुकोबाराय. दोन्हीकडे दर्शनाला ही रांग लागते. त्या रांगेत एखादी बाई अशी असतेच की, पादुकांवर डोके ठेवते न ठेवते तोच तिची पावले घराकडे वळतात. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, नातवंड तापाने फणफणलेले, त्यात स्वतःची नोकरी किंवा शिवणकाम. तिची वारी कैक वर्षे हुकलेली असते. लोक तिला सांगतात, अगं, घर हीच तुझी पंढरी! सांगायला सोपं आहे. पण ज्या देहाने ही सेवा व्हायची तो देह कोणी जपायचा, आणि त्या देहातल्या जिवाला दोन घटका विसावा कोणी द्यायचा, हे तिला कोणी सांगत नाही.

हाच पेच पुण्यातल्या एका थोर बाईंनी जन्मभर सोडवला. त्या रमाबाई रानडे. न्यायमूर्ती माधवराव रानडे यांच्या पत्नी म्हणून त्यांचे नाव ठाऊक नाही असा महाराष्ट्रीय विरळा. पण त्यांनी काय सोसले आणि त्या सोसण्यातून काय उभे केले, हे प्रपंचात गुरफटलेल्या प्रत्येक माउलीने ऐकावे असे आहे.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ चा, देवराष्ट्रे गावी, कुर्लेकरांच्या घरात. मुलींना अक्षर शिकवायची तेव्हा चाल नव्हती. १८७३ साली, अकराव्या वर्षी, त्यांचे लग्न माधवरावांशी झाले. माधवराव तेव्हा पुण्यात न्यायखात्यात मोठ्या हुद्द्यावर होते, वय एकतीस. पहिली पत्नी नुकतीच निवर्तली होती. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या माणसाने अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न करावे याबद्दल लोकांनी त्यांना पुष्कळ बोल लावला, आणि तो अगदीच गैरवाजवी होता असे म्हणवत नाही. वडिलांच्या शब्दापुढे त्यांचे चालले नाही. मात्र लग्नानंतर त्यांनी एक केले. पहिल्या दिवसांपासूनच बायकोच्या हाती पाटी दिली आणि स्वतः शिकवायला बसले.

इथून रमाबाईंची खरी परीक्षा सुरू झाली. १८७७ साली सासरे गोविंदराव वारले आणि सगळ्या कुटुंबाचा भार माधवरावांवर आला. घरात सासूबाई, विधवा नणंद दुर्गाबाई, नात्यातल्या आणखी वडीलधाऱ्या बायका, धाकटे दीर, शिवाय आल्यागेल्याचा राबता. माडीवर पुरुषांचे राज्य, खाली माजघर-स्वयंपाकघरात बायकांचे. रमाबाई दिवसभर खालच्या कामात असायच्या आणि धडा घ्यायला माडीवर जायच्या. एवढ्या एका जिन्यावरून घरात किती वादळे झाली म्हणून सांगू! सून माडीवर जाऊन पुस्तक वाचते हे वडीलधाऱ्यांना मानवेना. टोमणे, अबोला, मुद्दाम काढलेली कामे, सगळे झाले. इंग्रजी शिकवायला मिस हरफर्ड नावाच्या बाई येऊ लागल्या, तेव्हा तर ख्रिस्ती बाईचा विटाळ म्हणून प्रत्येक धड्यानंतर रमाबाईंना स्नान करावे लागे. एका धड्याची किंमत एक स्नान! दिवसभर राबलेल्या देहाला तो दंडच नव्हे काय?

यावर माधवरावांचा उपदेश एकच असे, की उलट उत्तर करू नये, सोसावे, आणि शिकणे सोडू नये. रमाबाईंनी तसेच केले. हा उपदेश आज वाचताना मनात येते की, घरचा कर्ता म्हणून त्यांनी वडीलधाऱ्यांना चार शब्द सुनावले असते तर त्या मुलीचे किती अश्रू वाचले असते. बाहेर मोठमोठ्या सभा गाजवणारा पुरुष स्वतःच्या माजघरात मौन धरतो, ही गोष्ट आपल्याकडे काही नवी नाही. थोरांच्या चरित्रातही ती झाकून ठेवू नये.

पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. नणंद दुर्गाबाईंना ऐन तारुण्यात वैधव्य आले. तेव्हापासून भावाचे घर हेच त्यांचे जग. शिक्षण नाही, हाती कला नाही, बाहेर जाण्याची सोय नाही. ज्या घरात राबायचे त्याच घरात झिजायचे. अशा बाईच्या डोळ्यांदेखत धाकटी भावजय पुस्तक उघडते, तेव्हा तिच्या मनात काय होत असेल? दुसऱ्याच्या ताटातला घास सलतो तो आपल्या पोटातल्या भुकेमुळे. रमाबाईंना हे तेव्हा उमगले असेल नसेल, पण त्यांच्या पुढच्या आयुष्याचे काम पाहिले म्हणजे त्यांनी ती भूक विसरली नाही हे खास.

माधवरावांच्या नोकरीमुळे १८७८ साली नाशिक आणि पुढे धुळे असे मुक्काम पडले. तिथे घरचा पसारा लहान, म्हणून रमाबाईंना स्वतःच्या हाताने संसार करता आला आणि वाचायला उसंत मिळाली. पुण्यास परत आल्यावर १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि आर्य महिला समाज निघाला. त्या सभांना रमाबाई जाऊ लागल्या. मुलींसाठी हायस्कूल हवे म्हणून गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यापुढे भर सभेत त्यांनी इंग्रजीतून निवेदन वाचले. १८८४ साली हुजूरपागेची मुलींची शाळा निघाली. बाहेर टाळ्या पडल्या, घरी मात्र जेवणाच्या पानावर बोलणी खावी लागली. त्यांनी दोन्ही मुकाट्याने घेतली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चुलीपाशी बसल्या.

या सगळ्यात त्यांचे मन कशाने टिकले? आम्हां वारकऱ्यांना कौतुक वाटावे असे याचे एक उत्तर आहे. माधवराव प्रार्थना समाजाचे, पण तुकोबारायांचे अभंग हा त्यांचा प्राण होता. पहाटे अंथरुणातच टाळी वाजवत ते अभंग म्हणत. मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर त्यांनी १९०० साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात महाराष्ट्रातल्या संतांवर एक सबंध प्रकरण घातले आहे. घर जागे होण्याआधीची ती पहाट आणि सगळे निजल्यावरचा रात्रीचा वाचनाचा वेळ, एवढाच काय तो रमाबाईंचा स्वतःचा काळ. दिवस घराचा, आणि ही दोन टोके आपली. तेवढ्या शिदोरीवर त्यांनी वर्षानुवर्षे निभावले. सेवा करणाऱ्याने आपल्या वाट्याची एक घटका धरून ठेवावी. ती घटका घरातून चोरलेली नसते, तीच उरलेल्या सगळ्या घटकांना बळ पुरवते.

१८९३ साली माधवराव हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि बिऱ्हाड मुंबईस गेले. पुढे त्यांना हृदयविकार जडला. रमाबाईंनी रात्रीचे दिवस करून शुश्रूषा केली. १६ जानेवारी १९०१ रोजी माधवराव गेले. रमाबाई तेव्हा अडतीस वर्षांच्या, पोटी मूल नाही. सत्तावीस वर्षे ज्यांच्याभोवती दिवस फिरत होता तेच नाहीसे झाले. त्या पुण्याच्या घरी परतल्या आणि वर्षभर कोणात फारशा मिसळल्या नाहीत. ज्यांनी कोणाची दीर्घ शुश्रूषा केली आहे त्यांना हे रितेपण कळेल. माणूस गेल्यावर हात आपोआप औषधाच्या वेळेला उठतात, आणि करायला काहीच नसते.

त्या रितेपणातून त्या उठल्या त्या दुसऱ्यांच्या दुःखाकडे. तुरुंगातल्या बायकांना भेटायला जाऊ लागल्या. इस्पितळात रोग्यांकडे फळे-फुले घेऊन जाऊ लागल्या. २ ऑक्टोबर १९०९ रोजी गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने पुण्यात सेवासदनाचे काम सुरू झाले, तेही रमाबाईंच्या राहत्या वाड्यात. ज्या घरात पाटीवरून एवढे रामायण झाले, त्याच घरात आता परक्या बायका पाट्या घेऊन बसू लागल्या!

त्यांची सोय कशी केली होती पाहा. प्रौढ बायकांचे वर्ग दुपारी भरत, कारण सकाळ-संध्याकाळ चूल सुटत नाही हे शिकवणाऱ्या बाईंना स्वतःच्या अनुभवाने ठाऊक होते. लिहिणे-वाचणे, शिवण, गायन, प्रथमोपचार असे विषय. शिवाय ससून इस्पितळात बायकांना परिचारिकेचे शिक्षण देण्याची व्यवस्था. लोकांनी नाके मुरडली. भल्या घरच्या विधवेने परक्या रोग्याला हात लावायचा? रमाबाई डगमगल्या नाहीत. विधवा बाई घरोघरी आजाऱ्यांची सेवा फुकट करतच होती. तिला ना मान, ना विश्रांती, ना दोन पैसे. तेच काम शिकून, ठरल्या वेळात, वेतन घेऊन केले तर ती स्वतःच्या पायांवर उभी राहील, आणि रोग्यालाही जाणती सेवा मिळेल. दुर्गाबाईंसारख्या कितीतरी जणींना जे मिळाले नाही, ते पुढच्या पिढीच्या पदरात असे पडले.

१९१० साली त्यांनी पतीच्या सहवासातल्या आठवणींचे पुस्तक लिहिले. त्याला गोपाळ कृष्ण गोखल्यांची प्रस्तावना आहे. ज्यांनी छळले त्यांच्याविषयी त्यात जाळ नाही. अखेरच्या वर्षांत आषाढी-कार्तिकीच्या निमित्ताने त्या सेवासदनाच्या स्वयंसेविका घेऊन आळंदीस जात आणि जमलेल्या यात्रेकरू बायकांची सेवा करीत. ज्या बायकांची वारी संसाराने कधीमधीच साधते, त्यांना इंद्रायणीकाठी हात द्यायला ही न्यायमूर्तींची पत्नी उभी असे. १९२४ साली पुण्यात त्यांचा देह पडला. त्यांच्या जन्मशताब्दीला, १९६२ साली, सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले, आणि सेवासदन लक्ष्मी रस्त्यावर आजही आहे.

तेव्हा वाचक हो, या चरित्रातून घरी काय न्यायचे? केवळ सोसण्याचा धडा नेऊ नका. रमाबाईंनी आपले सोसणे पुढच्या जणींच्या वाट्याला ठेवले नाही. घरात म्हातारे आहेत, लेकरे आहेत, त्यांची सेवा करणारी एक बाई आहे. तिला दुपारी घटकाभर टेकू द्या. पहाटे हरिपाठ म्हणायला बसली तर चहासाठी हाक मारू नका. रात्रीची औषधाची पाळी मुलाने घ्यावी, नातवाने आजोबांचे पाय चेपावेत. आणि पुढल्या आषाढीला चार दिवस घर तुम्ही सांभाळा, तिला दिंडीत धाडा. परत येईल तेव्हा तिच्या कपाळीच्या बुक्क्याने घरच उजळेल.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!