लोकमान्यांचे वकील काका बाप्टिस्टा

लोकमान्य टिळकांच्या खटल्याची गोष्ट आपण शाळेत शिकलो. पण त्या खटल्यात त्यांच्यासाठी कोर्टात उभा राहिलेला एक बॅरिस्टर आपला कॅथलिक बांधव होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

जोसेफ बाप्टिस्टा यांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजी मुंबईत माझगावच्या माथारपाखाडीत झाला. पुण्यात इंजिनिअरिंग शिकून ते जंगल खात्यात लागले. पुढे ती नोकरी सोडून ते केंब्रिजला गेले आणि १८९९ मध्ये बॅरिस्टर झाले. लोक त्यांना प्रेमाने काका म्हणत.

१९०८ साली केसरीतील लेखांवरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. लेख मराठीत होते, आणि सरकारने खास ज्यूरी मागितली. अशा ज्यूरीत गोरेच जास्त येणार आणि त्यांना मराठी कळणार नाही, म्हणून बाप्टिस्टांनी तिला विरोध केला. तो फेटाळला गेला. सात युरोपियन आणि दोन पारशी बसले. न्यायाधीश होते दावर. नवल असे की १८९७ च्या खटल्यात हेच दावर वकील म्हणून टिळकांच्या बाजूने उभे होते! टिळकांनी आपली बाजू स्वतः मांडली. सातांनी त्यांना दोषी ठरवले, दोघांनी निर्दोष. शिक्षा झाली सहा वर्षांची. मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस कामावर गेले नाहीत.

खटला हरला, पण काका मागे हटले नाहीत. दोन वर्षांनी सावरकरांच्या बचावासाठीही ते उभे राहिले. सरकारची नाराजी ओढवून घेणारी अशी वकिलपत्रे त्या काळी फार थोडे घेत.

टिळक मंडालेहून सुटून आल्यावर एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला होमरूल लीग स्थापन झाली. तिचे अध्यक्ष झाले काका बाप्टिस्टा. या लीगचे कार्यक्षेत्र वऱ्हाडापर्यंत होते, म्हणजे आपला बुलडाणा जिल्हाही त्यात आला. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे तर आधीपासूनच टिळकांचे जिवलग. १९०८ सालीच ते टिळकांच्या सुटकेसाठी विलायतेला गेले होते.

काकांचे दुसरे मोठे काम कामगारांचे. ऑगस्ट १९२० मध्ये टिळक वारले. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला मुंबईत आयटक ही देशभरच्या कामगार संघटनांची पहिली मध्यवर्ती संस्था उभी राहिली. लाला लजपतराय अध्यक्ष आणि काका उपाध्यक्ष झाले. पुढच्या वर्षी झरियाच्या कोळसा खाणींच्या मुलखात दुसरे अधिवेशन भरले, तेव्हा अध्यक्षपद काकांकडे आले. १९२४ मध्ये जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत ते हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. कोर्टात एकेका माणसाची बाजू मांडणारा वकील आता हजारोंची मांडत होता. १९२५ साली ते मुंबईचे महापौरही झाले.

१८ सप्टेंबर १९३० रोजी ते देवाघरी गेले. शिवडीच्या दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. शेगाव-मलकापूरहून गाडीने मुंबईला जाणाऱ्यांनी सवड काढून डॉकयार्ड रोड स्टेशनला उतरावे. शेजारच्या टेकडीवरील बागेला त्यांचेच नाव आहे.