लुई पाश्चर आणि पिसाळलेल्या कुत्र्याचा दंश

सन १८३१ मध्ये फ्रान्स देशातील आर्ब्वा गावाच्या आसपास एक पिसाळलेला लांडगा आला व त्याने पुष्कळांस चावे घेतले. जखमी माणसांस लोहाराच्या दुकानी नेऊन लाल तापविलेल्या लोखंडाने त्यांच्या जखमा डागीत. जवळच कातडी कमावणाऱ्या एका गृहस्थाचा आठ वर्षांचा मुलगा राहत असे. त्या किंकाळ्या त्याच्या मनातून जन्मभर गेल्या नाहीत. तोच लुई पाश्चर होय.

त्यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी दोल येथे झाला. ते वैद्य नव्हते, रसायनशास्त्री होते. हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. मद्य का नासते, रेशमाचे किडे कशाने मरतात, असल्या शोधांत त्यांची उमेदीची वर्षे गेली. मध्यंतरी त्यांच्या तीन मुली लहानपणीच वारल्या, पैकी दोघी विषमज्वराने. १८६८ साली अर्धांगवायूने त्यांचे डावे अंग लुळे पडले. तथापि काम थांबले नाही.

पिसाळरोगाविषयी त्यांनी एक गोष्ट ताडली. दंश झाल्याबरोबर मनुष्य आजारी पडत नाही. मध्ये कित्येक आठवडे, कधी महिनेही जातात. रोगाचे विष मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे चालत असते. ते तेथे पोहोचण्यापूर्वी शरीरास त्याच्याशी लढण्यास तयार करता आले तर रोगी वाचेल. म्हणून रोगी सशांच्या पाठीच्या कण्यातील मज्जा वाळवून तिचे विष त्यांनी मंद केले व तिची लस बनविली.

६ जुलै १८८५ रोजी आल्सास प्रांतातून एक आई आपल्या नऊ वर्षांच्या मुलास, जोसेफ मायस्टर ह्यास, घेऊन पॅरिसला आली. दोनच दिवसांपूर्वी कुत्र्याने त्यास चौदा ठिकाणी फाडले होते. पाश्चर ह्यांस वैद्यकीचा परवाना नसल्याने सुई डॉक्टर ग्रांशे ह्यांनी टोचली. प्रथम अगदी मंद विष व मग रोज अधिक तीव्र, अशा तेरा वेळा लस दिली. पाश्चर ह्यांस रात्री झोप लागेना. मुलगा वाचला.

परंतु आम्हांस ह्याहून अधिक सांगावयाचे आहे ते लुईज पेल्तिए ह्या दहा वर्षांच्या मुलीविषयी. तिच्या डोक्यास कुत्रा चावला होता व तीस आणिली तेव्हा सदतीस दिवस लोटले होते. आता उशीर झाला, हे पाश्चर जाणून होते. ही मुलगी दगावली तर लोक लशीलाच दोष देतील, हेही त्यांस कळत होते. तरी आईबापांच्या विनवण्यांपुढे त्यांच्याने नाही म्हणवेना. डिसेंबरच्या आरंभी ती मुलगी मरण पावली. शेवटच्या घटका ते तिच्या उशाशी बसून होते, व बाहेर पडताना त्यांस रडू आवरले नाही. लस तीच, हात तेच. अंतर दोन दिवस आणि सदतीस दिवस एवढेच.

आमच्या खेड्यांत अद्याप कोणी जखमेत तिखट भरतो, कोणी मांत्रिकाकडे धावतो, आणि कुत्रा तर घरचाच म्हणून कोणी स्वस्थ बसतो. जखम साबणाने व वाहत्या पाण्याने निदान पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. जखम खोल असल्यास लशीबरोबर दुसरेही औषध जखमेत टोचावे लागते, म्हणून डॉक्टरांस ती दाखवावी. पोटातील चौदा सुयांची धास्ती पुष्कळांच्या मनात आहे. ती जुनी लस २००५ पासून आपल्या देशात बंद आहे व आता थोड्याच सुया, त्याही दंडात, घ्याव्या लागतात. मात्र एकदा पाण्याची भीती वाटू लागली, घसा आवळू लागला, म्हणजे आजही कोणत्याही डॉक्टरपाशी खात्रीचा उपाय नाही.

मार्च १८८६ मध्ये रशियातील स्मोलेन्स्क प्रांताहून लांडग्याने फाडलेले एकोणीस शेतकरी पॅरिसला आले. वाटेत बरेच दिवस गेल्यामुळे तिघे दगावले. सोळा जण घरी परतले. १८८८ साली पॅरिसमध्ये पाश्चर ह्यांच्या नावाची संस्था उघडली व १९०० साली आपल्या देशात कसौली येथेही तशी निघाली. २८ सप्टेंबर १८९५ रोजी पाश्चर निवर्तले. त्यांचा देह त्याच पॅरिसच्या संस्थेत ठेविला आहे. आणि मोठेपणी तेथील द्वारपाल म्हणून पुष्कळ वर्षे चाकरी केली ती जोसेफ मायस्टर ह्याने.