खेळपट्टीवरचा बाळू

शाळेच्या वार्षिक क्रीडादिनी मुलांना विचारा, खेळ काय शिकवतो? उत्तरे ठरलेली असतात. शिस्त, संघभावना, हार पचवणे, आणि मैदानावर सगळे सारखे. ही शेवटची गोष्ट मुलांना अगदी मनापासून वाटते. पळवणकर बाळू यालाही त्या वयात तसे वाटले असेल काय?

१८७६ मध्ये जन्मलेला हा मुलगा पुण्यात वाढला. वडील लष्करात नोकरीला. गोऱ्या साहेबांनी टाकून दिलेल्या बॅटी-चेंडूंवर बाळू आणि त्याचा धाकटा भाऊ शिवराम क्रिकेट शिकले. घर चर्मकार समाजातले, म्हणजे त्या काळच्या हिशेबाने अस्पृश्य. बाळूला पहिली नोकरी लागली ती पारशांच्या एका क्लबात. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, अधूनमधून सभासदांना चेंडू टाकायचे. पगार महिना ३ रुपये. पुढे १८९२ च्या सुमारास तो युरोपियनांच्या पूना क्लबात गेला. तेथे पगार ४ रुपये आणि वय अवघे सोळा.

जाळ्यातल्या सरावात त्याच्या डाव्या हातातली फिरकी साहेबांच्या लक्षात आली. कॅप्टन ग्रेग हा त्या काळचा नामांकित फलंदाज. तो तासन् तास बाळूसमोर खेळून सराव करी. ग्रेगला बाद केले की बाळूला आठ आणे बक्षीस मिळत, असे सांगतात. मात्र इतकी वर्षे गोलंदाजी करूनही त्या जाळ्यात बाळूच्या हाती कोणी बॅट दिली नाही. बॅट साहेबांची, घाम नोकराचा!

त्याची कीर्ती गावात पोचली तेव्हा पुण्यातल्या हिंदू क्लबापुढे मोठा पेच पडला. साहेबांना हरवायचे तर बाळू हवा, आणि बाळूला घ्यायचे तर शिवाशिवीचे काय? अखेर जिंकण्याची हौस वरचढ ठरली. बाळू संघात आला. चेंडू सगळ्यांनी हाताळला, त्याच्या गोलंदाजीवर झेल सगळ्यांनी घेतले. पण चहाची वेळ झाली की इतर खेळाडू आत बसत आणि बाळू बाहेर. त्याचा चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात. बारा हातांतून फिरलेला तोच चेंडू कोणाला बाटवत नव्हता आणि कप मात्र बाटत होता! हे तर्कशास्त्र आज एखाद्या आठवीतल्या मुलाला समजावून पाहा. पुढे विजयामागून विजय मिळू लागले, तसे न्यायमूर्ती रानड्यांनी जाहीर सभेत त्याचा हार घालून सत्कार केला. त्यानंतर पुण्यातली मने थोडी सैल झाली.

१८९६ मध्ये पुण्यात प्लेगची चाहूल लागली आणि बाळूने मुंबईची वाट धरली. येथपासून त्यांना ‘अहो’ म्हणायला हवे. १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्या संघात बाळू आणि शिवराम दोघेही होते. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ विलायतेला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी दौऱ्यात शंभरावर बळी टिपले. केंब्रिजविरुद्ध एकाच डावात आठ! लिस्टरशायरविरुद्धच्या विजयात त्यांचे अकरा बळी होते. मुंबईत परतल्यावर दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. मानपत्र लिहिले होते एका विशीतल्या विद्यार्थ्याने. त्याचे नाव भीमराव आंबेडकर.

एवढे सगळे होऊनही कर्णधारपद काही मिळेना. गुण पुरेसे नव्हते असे कोणी म्हणू शकत नव्हते. कारण उघड होते आणि ते उच्चारले जात नव्हते. १९२० मध्ये बाळूंना वगळून दुसऱ्याकडे नेतृत्व गेले, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या भावांनी संघातून अंग काढून घेतले. हे मला त्या घराचे सर्वांत मोठे धाडस वाटते. जाहीर गदारोळ झाला, तडजोड निघाली, आणि बाळू उपकर्णधार झाले. तोवर त्यांची चाळिशी उलटली होती. पूर्ण वेळेचे कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आलेच नाही. ते आले धाकट्या विठ्ठलकडे, १९२३ मध्ये. त्या वर्षी हिंदू संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली आणि लोकांनी विठ्ठलना खांद्यावर घेतले.

पुढचा भाग अनेकांना खटकतो. १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे मुंबईत उभे राहिले, तेही थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. एकेकाळी ज्यांचे मानपत्र लिहिले, त्यांच्याशीच ही लढत. मधल्या काळात दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या होत्या. १९३२ च्या पुणे कराराच्या वेळी बाळू गांधीजींच्या बाजूने होते. तरी हार दोन हजारांचीच, हे विसरू नये.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांच्या नावावर १७९ बळी आहेत, प्रत्येकी पंधरा धावांच्या आसपास. पूना क्लबातल्या त्या सरावात ग्रेगचा बळी किती वेळा घेतला, ही नोंद मात्र कोणत्याच धावफलकात नाही.