मेंदूचा सिग्नल पकडणारा हान्स बर्गर

गेल्या दिवाळीत आमच्या बिल्डिंगमधल्या सात वर्षांच्या मुलाला अचानक फिट आली. कुणी चप्पल हुंगवायला धावलं, कुणी कांदा आणला, कुणी दातांत चमचा घालायला निघालं. मी नुसती उभी! नंतर त्याचा ईईजी काढला. त्या मशीनमधला अॅम्प्लिफायर आपल्याला परीक्षेला असतो, पण ते शोधणाऱ्या माणसाबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. म्हणून हा लेख. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं, सांभाळून घ्या.)

हान्स बर्गरचा जन्म २१ मे १८७३ रोजी जर्मनीत कोबुर्गजवळ झाला. त्याला व्हायचं होतं खगोलशास्त्रज्ञ. पण लष्करात असताना एकदा घोड्याने त्याला तोफेच्या गाड्यापुढे फेकलं. चाकं अगदी जवळ येऊन थांबली. त्याच दिवशी वडिलांची तार आली, तू बरा आहेस ना? दूर घरी बहिणीला भाऊ संकटात असल्याचं वाटलं होतं. योगायोगच असणार, पण बर्गरच्या मनात ते घर करून राहिलं. मेंदूतून काही ऊर्जा निघत असेल का? तो मेडिकलकडे वळला.

१८९७ पासून तो येना शहरातल्या मनोरुग्णालयात होता, १९१९ मध्ये तिथला प्रमुख झाला. दिवसा रुग्ण, नंतर लॅब. मेंदूचा सिग्नल साधारण ५० मायक्रोव्होल्ट. आपला पेन्सिल सेल त्याच्या तीस हजार पट! तरी ६ जुलै १९२४ रोजी, सतरा वर्षांच्या एका मुलाच्या ऑपरेशनच्या वेळी गॅल्व्हानोमीटर हलला.

पण हा मेंदू की नॉईज? नाडी, त्वचा, स्नायू, एकेक शंका तपासण्यात पाच वर्षं गेली. स्वतःच्या मुलाच्या, क्लाउसच्या डोक्यावरही त्याने कितीतरी वेळा इलेक्ट्रोड लावले. १९२९ मध्ये पेपर छापला. डोळे मिटले की सेकंदाला दहाच्या आसपास लाटा, उघडले की त्या दबतात. फारसा कुणाचा विश्वास बसला नाही. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी प्रयोग करून त्याला दुजोरा दिला. १९३५ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांना, काही सेकंद भान हरपणाऱ्या रुग्णांत, सेकंदाला तीन अशा ठरावीक टोकदार लाटा दिसल्या. वर्गात मध्येच शून्यात बघणारं मूल दर वेळी आळशीच असतं असं नाही, हे आता कागदावर दाखवता येऊ लागलं.

इथेच लेख संपवला असता तर बरं झालं असतं. पण १९३३ च्या नाझी कायद्याने आनुवंशिक अपस्मार ठरलेल्यांचीही सक्तीने नसबंदी सुरू झाली. त्याविरुद्धची अपिलं ऐकणाऱ्या येनाच्या न्यायालयात बर्गर बसत होता आणि अपिलं फेटाळण्यात त्याचाही हात होता. आधीच्या चरित्रांत त्याला नाझींचा बळी म्हटलं जायचं, कागदपत्रं नंतर पुढे आली. १९३८ मध्ये तो निवृत्त झाला. १ जून १९४१ रोजी नैराश्यात त्याने आयुष्य संपवलं.

आपणही फार वेगळे होतो असं नाही. हिंदू विवाह कायद्यातला अपस्माराचा अडथळा १९९९ मध्ये निघाला.

त्या मुलाचा ईईजी नॉर्मल आला. डॉक्टरांनी मशीनपेक्षा आईलाच जास्त विचारलं: ताप होता का, सुरुवात कशी झाली, किती वेळ चाललं? एका फिटवरून अपस्मार ठरत नाही, आणि नॉर्मल ईईजीवरून तो नाहीच असंही ठरत नाही. पुन्हा झालं तर मोबाईलवर शूटिंग करा, म्हणाले.

होस्टेलमध्ये असं कधी झालं तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच हॉस्पिटल. आणि दुसऱ्या दिवशी मेसमध्ये त्याच्या शेजारी जाऊन बसा.