स्लोकम दाम्पत्याची किनारायात्रा

एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले दर्यावर्दी म्हणून कॅप्टन जोशुआ स्लोकम (जन्म १८४४, नोव्हा स्कॉशिया) प्रसिद्ध आहेत. त्याआधी पत्नीसह केलेला त्यांचा सागरप्रवास मात्र उपेक्षितच राहिला.

पहिली पत्नी व्हर्जिनिया १८८४ मध्ये ब्यूनस आयर्स येथे जहाजावरच निवर्तल्या. १८८६ मध्ये हेटी यांच्याशी विवाह झाला. नववधूच्या वाट्याला काय आले? वादळ, जहाजावर देवीची साथ, खलाशांचे बंड! १८८७ च्या अखेरीस ब्राझीलमधील पारानाग्वाच्या उपसागरात 'अक्विडनेक' हे जहाज वाळूत रुतून फुटले. विमाही नव्हता.

खचून न जाता स्लोकम यांनी मुलांच्या मदतीने ३५ फुटी नौका बांधली. १३ मे १८८८ रोजी, ब्राझीलमधील गुलामगिरी संपली त्याच दिवशी, ती पाण्यात उतरली; म्हणून नाव 'लिबरदाद'. शिडे शिवली हेटी यांनी. शिवणकाम हाच त्यांचा पूर्वीचा व्यवसाय. सुरुवातीच्याच वादळात ती शिडे फाटली, तरी पती, पत्नी आणि पहिल्या पत्नीची दोन मुले सुमारे साडेपाच हजार मैल कापून डिसेंबरअखेर वॉशिंग्टनला पोहोचली. पराक्रमाचे श्रेय कॅप्टनला मिळाले. हेटी यांच्या वाट्याला त्यातले फारच थोडे आले.

हेटी यांना समुद्र पुरता कळला होता. त्यानंतर त्या पतीबरोबर लांबच्या सफरीवर गेल्या नाहीत. २४ एप्रिल १८९५ रोजी 'स्प्रे' बोस्टनहून निघाली, तेव्हा स्लोकम एकटेच होते. पुढे त्याच नौकेसह ते बेपत्ता झाले. हेटी किनाऱ्यावरच होत्या.